सोडणाचा धूर

१

साहेब, ठमीला चोर तुम्ही ठरवलंत. गावानं नाही, पोलिसांनी नाही, तुम्ही. काचेच्या खोलीत बसून, पांढरे हातमोजे घालून, जिचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं अशा बाईवर तुम्ही शिक्का मारलात आणि कॉफी प्यायला निघून गेलात. तुमचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही वकील धाडाल, आणि मग गोष्ट वकिलाची होईल. ही गोष्ट ठमीची आहे. ऐका.

दिवेआगरच्या मनुबाईकडे चामड्याची एक बॅग होती. तरुणपणी मनुबाई मुंबईत एका फ्रेंच बाईच्या घरी मुलं सांभाळायला राहिली होती. मडम कायमची मायदेशी निघाली तेव्हा तिनं स्वतःच्या हातातली बॅग मनुबाईच्या हातात दिली. कोर्वेल नावाच्या फ्रेंच घराण्याची, हातानं शिवलेली, मधाच्या रंगाची. असल्या जुन्या बॅगेसाठी शौकीन लोक वर्षानुवर्षं डोळे लावून बसतात, हे मनुबाईच्या गावीही नव्हतं. वाडीत होमस्टे सुरू झाल्यावर मुंबईची एक पाहुणी ती बॅग बघून किंचाळली, तेव्हा कळलं. मग मनुबाईनं सुनेमागे धोशा लावला, ‘खरी असल्याचा कागद आण.’ बॅग विकायची नव्हती तिला. कागद भिंतीवर लावायचा होता.

सुनेनं, म्हणजे रुचितानं, बॅग मुंबईच्या एका कंपनीकडे पाठवली. जुन्या परदेशी बॅगा खऱ्या की खोट्या हे ठरवणारी कंपनी. तिथे तेजस्वी घरत नोकरीला होती. उरणकडच्या मिठागरवाल्यांची पोर. बाप बंदरावर ट्रेलर चालवायचा. शिकली, इंग्रजी घोटलं आणि कातड्याची शिवण वाचायला लागली. शिवण तिरकी की सरळ, दोरा तागाचा की नायलॉनचा, कडी पितळेची की मुलाम्याची, हे ती नुसतं बोट फिरवून सांगायची.

मनुबाईची बॅग तेजस्वीच्या टेबलावर आली तेव्हा साहेब शेजारीच उभे होते. साहेब म्हणजे तुम्हीच, गोष्टीपुरतं ‘साहेब’ म्हणू; कंपनीतला शेवटचा शब्द. गाव विचारलं की ‘आय ॲम अ बॉम्बे बॉय’ म्हणून हसणारे. त्यांनी बॅग उचलली, नाकाशी नेली आणि डोळे मिटले. जरा जास्तच वेळ मिटले.

“सोडणाचा धूर आहे हा,” ते म्हणाले. मग डोळे उघडले, आवाज बदलला. “मुद्दाम दिलाय. आर्टिफिशियल एजिंग. बॅग नवी, धूर देऊन जुनी केलेली. क्लासिक फ्रॉड.”

बनवाबनवी करणारे खरंच असं करतात. नवी नक्कल धुरावर धरायची, तेल चोळायचं, की झाली ‘जुनी’. तेजस्वीच्याही नाकात तो वास शिरला होता. आजीच्या चुलीसमोर बसून, नारळाची सोडणं सारत पाढे म्हणणारी एक मुलगी तिला क्षणभर दिसली. पण तिच्या डब्यातल्या सुक्या बोंबलावरून जिथे महिनाभर टिंगल झाली होती, त्या ऑफिसात या वासाची आपली ओळख आहे हे तिला कुणाला कळू द्यायचं नव्हतं. ती गप्प राहिली. साहेबांनी आणखी दोन कारणं सांगितली. पुढच्या झाकणावर कातड्यात शीर दिसते, कोर्वेल असलं कातडं घेत नाही. आणि एका हँडलची शिवण नायलॉनच्या दोऱ्याची आहे. तेजस्वीनं तिन्ही कारणं टाइप केली आणि खाली सही केली.

तो कागद दिवेआगरला पोचला. मनुबाई म्हणाली, माझी मडम खोटी वस्तू देणार नाही, म्हणजे बॅग बदलली. कुणी बदलली? जिच्याकडे कपाटाची चावी असायची तिनं. ठमीनं.

आणि ठमीचा भाचा हर्षद बोर्ली पंचतनच्या बाजारात काय विकायचा? बॅगा. परदेशी नावांच्या, खोट्या.

२

“मॅडम, आमची बॅग परत पाठवा,” रुचिताचा फोन आला. “गणपती झाले की आई पोलिसात जाणार आहेत. ठमीकाकी घराबाहेर येत नाहीत. तुमच्या कागदानं बघा काय होऊन बसलं.”

तेजस्वीनं आपल्या सहीचा कागद पुन्हा वाचला. तिनं रजा टाकली, बॅग पिशवीत घातली आणि स्वतःच दिवेआगरची एसटी धरली. ऑफिसात सांगितलं, आजी आजारी आहे. आजी जाऊन किती वर्षं झाली होती.

मनुबाई पडवीत सुपाऱ्या सोलत बसली होती. मुंबईत राहिलेली बाई, बोलणं मऊ, नजर करडी. वादळानं वाकवलेल्या पोफळी वाडीत अजून तशाच तिरक्या उभ्या होत्या.

“आणलीस खोटी परत?” मनुबाई म्हणाली. “ठेव तिथं. जवळ नको आणूस.”

“आजी, बॅग नेहमी कुठे असायची?”

“माझ्या कपाटात. चावी ठमीकडं. माझीच नव्हे, इथल्या चार घरांच्या चाव्या तिच्याकडं. माणसं मुंबईला, घरं इथं, चाव्या ठमीच्या कमरेला. चालली की वाजायची. लांबून कळायचं, ठमी आली.”

“आणि आता?”

“आता ज्यानं त्यानं आपली मागून नेली. पहिली मी नेली.” हे सांगताना मनुबाईनं सुपारीवरची नजर वर केली नाही.

रुचिता चहा घेऊन आली. तिशीतली, चटपटीत, फोन सतत हातात.

“बॅग कधी बाहेर नेली होती का, वहिनी?”

“छे! कपाटातून हललीसुद्धा नाही. फक्त पावसाळ्यात ठमीकाकी काढायच्या, बुरशी येऊ नये म्हणून. ते सगळं त्याच बघायच्या.”

तेजस्वीनं चहाचा कप ओठाला लावला आणि तिची नजर समोरच्या भिंतीवर गेली. निळी भिंत समुद्राच्या हवेनं आणि उन्हानं फिकट झालेली. पण खिळ्याखाली एक चौकोन तेवढा गडद निळा.

“इथे काय होतं, आजी?”

“फोटो होता. वादळात गेला.”

“रंग छान आहे भिंतीचा.”

“माझ्या भावानं दिला, गेल्या दिवाळीला,” रुचिता खुलली. “तळ्याहून, माझ्या माहेराहून, आला होता मुद्दाम. नंतर त्याचं लग्नच होतं, म्हटलं तुझे हात रंगायच्या आधी आमचं घर रंगव.”

तेजस्वी हसली आणि हसता हसता थांबली. वादळ येऊन गेलं त्याला वर्षं उलटली होती. भिंतीला रंग लागला गेल्या दिवाळीला. वादळात उडून गेलेला फोटो नव्या रंगावर आपला चौकोन ठेवून कसा गेला?

३

ठमीचं घर वाडीच्या मागच्या गल्लीत होतं. दार लोटलेलं. तेजस्वीनं हाक मारली.

“कोण?”

“मी मुंबईहून आलेय, काकी. बॅगेच्या कंपनीतून.”

 मग आतूनच, “सही करणारी?”

“हो.”

“मंग ये. सही करणारीचं त्वांड बगायचं व्हतं मला.”

ठमी चुलीपाशी बसली होती. साठीची, किडकिडीत, केस घट्ट बांधलेले. दाराजवळच्या भिंतीवर चाव्या टांगायच्या खिळ्यांची एक रांग होती. सगळे खिळे रिकामे.

तेजस्वीच्या नाकात वास आला आणि तिचे पाय उंबऱ्याशीच अडले. तोच वास. चुलीत नारळाची सोडणं जळत होती. सुकलेली, तंतू तंतू झालेली टरफलं. वर माळ्याच्या आडव्या बांबूला मडकी, बियाण्याची बोचकी, सुक्या मासळीची टोपली टांगलेली. सगळं धुरानं काळं.

“बॅगेला धूर तुम्ही दिलात?” तेजस्वीनं विचारलं. विचारतानाच तिला कळलं, आपण हे मुंबईतच विचारायला हवं होतं.

“दिला म्हंजे? दर पावसाळ्यात द्येते. मिरग आला की मनुबायच्या कपाटातनं काढायची, खोबरेल लावायची, जुन्या लुगड्यात गुंडाळायची न् हितं टांगायची.” तिनं वर बोट दाखवलं. “हितं पावसाळ्यात चपलेला बुरशी येते, देवाच्या फोटोला येते. बॅगेला न्हाय येणार? माझी आय बियाणं अशीच टांगायची. चाळीस वर्सं एक ठिपका पडू दिला न्हाय मी त्या बॅगेवर.”

“मनुबाईंना ठाऊक आहे हे?”

“आख्ख्या आळीला ठाऊक हाय. पन कागदात लिवलंय ना, मुद्दाम धूर दिला, फसवायला. वाचून दाखवलं मला, चार माणसांत. मी म्हटलं, व्हय, मुद्दामच दिला. तर म्हणाले, बगा, कबूल केलंन!”

तिनं चुलीत आणखी एक सोडण सारलं. धूर उठला. तेजस्वीचे डोळे चुरचुरले आणि ते धुरानं चुरचुरले असं समजायची सोय तरी झाली.

“मला येक सांग, पोरी. हा वास तू आधी कदी घेतला न्हवतास?”

तेजस्वी वर टांगलेली बोचकी मोजायला लागली.

“न्हाय सांगितलंस तरी चालंल,” ठमी म्हणाली. “दारात पाय ठेवलास न् नाक वर केलंस. बगितलं मी.”

४

बोर्ली पंचतनच्या बाजारात ‘हर्षद फॅशन’च्या दारावर बॅगा घोसानं लटकत होत्या. प्रत्येकीवर कुठलं ना कुठलं परदेशी नाव.

“या ताई, या! फ्रान्स, इटली, सगळं एका छपराखाली. विमानाची गरज नाय,” हर्षद म्हणाला. पंचविशीचा, कानात बाळी, जीभ सुटलेली. तेजस्वीनं कंपनीचं नाव सांगितलं तशी बाळीसकट सगळा चेहरा बंद झाला.

“अच्छा. चोर बघायला आलात होय?”

“चोर शोधायला आले नाही. शिवण शोधायला आलेय.”

“मी खोटी बॅग खोटी म्हणून विकतो. गिऱ्हाईक हसत नेतं, मी हसत देतो. तुमच्या ऑफिसात कोणी हसतं काय? माझ्या मावशीवर पोलिसात जायची वेळ आणलीत, वर शिवणी शोधताय.”

 तेजस्वी लटकणाऱ्या बॅगांकडे बघत होती. प्रत्येकीला किमतीची चिठ्ठी बांधलेली, मासे पकडायच्या तंगुसानं. पारदर्शक, चिवट नायलॉन. आणि गाठ? दोनदा फिरवून मधून ओढलेली. जाळं विणणाऱ्याची गाठ.

तिनं मनुबाईची बॅग काढली, हँडल उलटं केलं आणि शिवणीचं टोक त्याच्यापुढे धरलं. तोच तंगूस. तीच गाठ.

हर्षदनं रस्त्याकडे बघितलं, मग दुकानाच्या आत. “चहा घेणार?”

“गाठ तुझी आहे.”

“माझीच हाय. मंग? हँडल तुटलेलं, शिवून दिलं. जुन्याच भोकांतनं सुई घातली, एक भोक नवं पाडलं नाय.”

“मग बोलला का नाहीस? सगळा गाव तुझ्या मावशीला...”

“काय बोलणार? खोट्या बॅगा विकणारा हर्षद म्हणणार, बॅग माझ्या हातात आली होती? लगेच म्हणाले असते, बघा, हितंच बदलली! मावशी पण अडकणार, मी पण.”  किमतीची एक चिठ्ठी त्यानं ओढून चुरगाळली. “दोन रात्री उठून बसलो. नाय बोललो. काय समजायचं ते समजा.”

“तुझ्याकडे कोणी आणली?”

“ते नाय सांगणार.”

तेजस्वीनं बॅगेच्या आतला कप्पा उलटा केला. अस्तराच्या शिवणीत अडकलेला एक दाणा नखानं बाहेर काढला. तांदळाचा दाणा, कुंकवानं लाल झालेला. अक्षतेचा.

“मग मी सांगते. बॅग एका लग्नाला गेली होती. तळ्याला, वहिनींच्या भावाच्या.”

हर्षदनं दाण्याकडे बघून मान डोलावली. “वहिनी रडत आल्या होत्या. मांडवात कोणाच्या तरी पोरानं हँडलला लटकून झोका घेतला. सासूला कळलं तर जीव घेईल म्हणाल्या.” मग जरा हसला. “पण शिवण खोलली तेव्हा एक गंमत दिसली, ताई. हँडलच्या पोटात, दोन कातड्यांच्या मधे, एक बारीक ठसा होता. होडी. शीड लावलेली. बाहेरून दिसायची नाय. मी म्हटलं, जिथं कोण बघणार नाय तिथं होडी कशाला काढली असंल?”

तेजस्वीनं त्याच्या गल्ल्यावरचा चहाचा कप उचलला आणि त्यातला उरलेला चहा आपणच पिऊन टाकला. तिला भानच नव्हतं.

५

मनुबाईच्या पडवीत तेजस्वीनं बॅग पाटावर ठेवली. शेजारी तो लाल दाणा. रुचिताचा हात आपोआप तोंडाशी गेला.

“वहिनी, बॅग कपाटातून हलली नाही म्हणालात.”

“मी...” रुचिता सासूकडे वळली. “आई, एकदाच नेली. दादाच्या लग्नाला. माहेरी सगळ्यांपुढे मिरवावीशी वाटली. हँडल तुटलं आणि मग सांगायची हिंमतच झाली नाही. कागदात दोऱ्याचं आलं तेव्हा सांगणार होते, पण सगळे एकदम ठमीकाकींवरच धावले, आणि...”

“आणि तुला बरं वाटलं,” मनुबाई म्हणाली.

रुचिता खाली बघून रडू लागली. तेजस्वीला वाटलं, आता म्हातारी सुनेला फाडून खाईल. पण मनुबाई आणखी काही बोलली नाही. नेमकं तेच तेजस्वीला खटकत होतं.

“आजी, फोटो द्या.”

“म्हटलं ना, वादळात...”

“वादळ रंगाच्या आधी झालं. फोटो रंगानंतर या भिंतीवर होता. तो तुम्ही काढलात, आमचा कागद आल्यावर. कारण त्या फोटोत बॅग आहे.”

मनुबाईच्या हातातला अडकित्ता थांबला.  मग ती उठली, देवघरात गेली आणि देवांच्या मागून फ्रेम घेऊन आली. तरुण मनुबाई, काठाची साडी. शेजारी उंच फ्रेंच बाई, मनुबाईच्या खांद्यावर हात. दोघींच्या मध्ये बॅग. समोरून, मोठी, स्पष्ट.

तेजस्वीनं फोटो बॅगेशेजारी धरला. झाकणावरच्या कातड्यात एक शीर उठलेली, मध्येच दोन फाटे फुटून कडेला गेलेली, ओहोटीला चिखलात उघड्या पडलेल्या खाडीसारखी. फोटोतही तीच शीर, तेच दोन फाटे, तीच वळणं.

“कातड्यावरची शीर म्हणजे बोटाचा ठसा,” तेजस्वी म्हणाली. “कुणाला नक्कल करता येत नाही. ही तीच बॅग आहे. कुणीच बदलली नाही. आणि हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.”

“माझ्या हातातली वस्तू मी ओळखणार नाही?” मनुबाईचा आवाज पहिल्यांदा फाटला. “कागद आला, खोटी. फोटोत बघितलं, तीच. म्हणजे काय झालं, सांग! मडमनंच खोटी दिली. तिची पोरं मी माझ्या पोटच्यासारखी वाढवली. माझा मुलगा इथं शेजारणीकडं वाढला. आणि निघताना तिनं माझ्या हातात बाजारातली नक्कल ठेवली? हे मी गावाला सांगू? त्यापेक्षा...”

“त्यापेक्षा ठमी चोर झालेली बरी.”

मनुबाईनं फ्रेम छातीशी धरली. “म्हटलं, ठमी निभावून नेईल. ती नेहमीच नेते.”

६

तेजस्वीनं लहानसा चाकू काढला आणि हर्षदची गाठ कापली. तंगूस सरसर निघाला. जुनी भोकं दिसली, भाताच्या दाण्यासारखी तिरकी, एका माणसानं एका हत्यारानं टोचलेली. यंत्राची भोकं गोल असतात. तिनं हँडलची दोन कातडी हलकेच उलगडली.

आत रंग मधाचा, आजही. धूर आणि खोबरेल फक्त कडेपर्यंत पोचलेले, थरावर थर, जितके पावसाळे तितके. नवी नक्कल एकदा धुरावर धरतात, तिला एकच थर असतो. आणि मधोमध ती होडी. शीड लावलेली, तांदळाएवढी.

कोर्वेलचे जुने कारागीर आपली खूण हँडलच्या पोटात मारत. आपलं काम आपल्याला ओळखू यावं म्हणून, दुसऱ्या कुणासाठी नव्हे. हे तेजस्वीला कुणी शिकवलं होतं? साहेबांनी. “शंका आली तर हँडल उघडा,” असं तेच सांगायचे. या बॅगेचं हँडल त्यांनी उघडलंच नव्हतं. आणि शिरेचं कातडं कोर्वेलमध्ये चालत नाही हा नियम नंतरचा, कारखाना झाल्यावरचा. त्याआधी कारागीर कातडं स्वतः निवडायचा, आवडली शीर तर पुढे लावायचा. हेही साहेबांनीच शिकवलं होतं.

“खरी आहे, आजी,” ती म्हणाली. “तुमच्या मडमनं खरीच दिली.”

मनुबाई हसेल असं वाटलं होतं. ती पदरात तोंड घालून, अंग गदगदून रडायला लागली. रुचिता पुढे झाली, तिला हात लावायला धजली नाही.

तेजस्वीनं फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

“ओके, फाइन,” साहेबांचा आवाज आला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी, न अडवता. “होतं असं. बॅग घेऊन या, नवा रिपोर्ट देऊ. जुन्याचा उल्लेख कुठे नको. कंपनीचं नाव आहे.”

“आणि ठमी?”

“कोण ठमी?”

पडवीतल्या तिन्ही बायका फोनकडे बघत राहिल्या. तेजस्वीला एक गोष्ट इतके दिवस समोर असून दिसत नव्हती, ती आत्ता लख्ख दिसली. दिसत नव्हती कारण तिला ती परकी वाटलीच नव्हती.

“सर, एक विचारू? सोडण म्हणजे काय?”

“व्हॉट?”

“तुम्ही बॅग नाकाला लावलीत आणि म्हणालात, सोडणाचा धूर आहे हा. कुणी सांगितलं नव्हतं तुम्हाला. मुंबईत जन्मलेल्या माणसाला धूर कळेल, फार तर लाकडाचा कळेल. नारळाच्या सोडणाचा धूर वेगळा काढून ओळखायचा तर त्या चुलीपुढे लहानाचं मोठं व्हावं लागतं. मी झालेय. म्हणून मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. सर, तुम्हाला माहीत होतं हा धूर कुठल्या घरातला आहे आणि कशासाठी देतात. तुम्हाला तो वास आवडला. मी बघितलं. मग तुम्हाला लाज वाटली, आणि तुम्ही त्याला फ्रॉड म्हणालात. मलाही लाज वाटली, आणि मी सही केली.”

पलीकडे कप ठेवल्याचा आवाज आला.

“सर?”

फोन कट झाला.

७

संध्याकाळी मनुबाई स्वतः निघाली. काठी टेकत, मागे रुचिता, तिच्या मागे तेजस्वी. पडव्यापडव्यांतून माणसं उठून बघायला लागली. ठमीच्या दारात मनुबाई थांबली आणि आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “बॅग खरी आहे. कुणी बदलली नव्हती. मला ठाऊक होतं. मी खोटं बोलले.”

 एक जण उगाच खाकरला. चाव्या परत नेणाऱ्यांपैकी, गणपतीला गावी आलेले दोघं तिथेच उभे होते. त्यांना एकदम आपल्या घरी काहीतरी काम आठवलं. हर्षद मोटरसायकल लावून गल्लीच्या तोंडाशीच राहिला.

रुचितानं ठमीचे पाय धरले. ठमीनं तिला उठवलं, डोळे पुसले, जसं लहान पोराचं नाक पुसावं. मग मनुबाईकडे वळली.

“मनुबाय, तू बॅग वळखलीस. फोटू बगून वळखलीस. मला रोज बगत व्हतीस. मला का न्हाय वळखलंस?”

 मनुबाईनं कमरेची कपाटाची चावी सोडली आणि पुढे केली. ठमीनं हात पुढे केला नाही. मग म्हातारीनं वाकून चावी उंबऱ्यावर ठेवली.

“राहू दे थितं,” ठमी म्हणाली.

“काकी, मी लिहून देते,” तेजस्वी म्हणाली. “माझं चुकलं म्हणून. माझ्या नावानं, सहीनं. नोकरी गेली तरी चालेल.”

“तुजी सही बगितली मी येकदा.” ठमी कडवट हसली, पण तिच्याकडे बघून हसली. “तू आलीस. दारात हुबी ऱ्हायलीस. तुजं झालं. त्या सायबाचं काय? गाव कंचं त्याचं?”

“सांगत नाहीत कुणाला.”

“इचार त्याला.”

तर साहेब, ठमीच्या वतीनं विचारणं आहे. नवा कागद मनुबाईनं घेतला नाही. जुना तुम्ही चार माणसांत खोटा म्हणा, मग बघू म्हणते. तेजस्वीची नोकरी गेली, ते तुम्हाला सांगायला नको. ठमी दर सकाळी उंबरा झाडते, चावी उचलते, खालची धूळ काढते आणि चावी परत होती तिथे ठेवते. खिळ्यावर टांगत नाही. कुणाची वाट बघते आहे ते अख्ख्या आळीला ठाऊक आहे.

चुलीपुढे बसून तुम्हीही पाढे म्हटले असणार. वर कुणीतरी तुमच्यासाठी काहीतरी टांगलं असणार, बुरशी लागू नये म्हणून. ते टांगणारी बाई चोर होती का, साहेब? कुठलं गाव तुमचं? आणि तिथं माळ्यावर कुणाच्या हातचं काय टांगलेलं होतं? उत्तर द्या.